सीसीपीएचा दाखला देताना या चुका टाळा

अमेरिकी पेटंट कायद्यावरच्या टिपणांत, लॉ कॉलेजच्या प्रोजेक्टांत आणि मुरलेल्या पेटंट एजंटांच्या ड्राफ्टांतही सीसीपीएचे, म्हणजे युनायटेड स्टेट्स कोर्ट ऑफ कस्टम्स अँड पेटंट अपील्स या सीमाशुल्क आणि पेटंटची अपीलं ऐकणाऱ्या, १९८२ मध्ये बंद झालेल्या न्यायालयाचे निकाल सर्रास चुकीच्या कामाला जुंपलेले दिसतात. निकाल काय लागला हे सगळे वाचतात. प्रकरण तिथवर कुठल्या वाटेनं आलं हे मात्र फारसं कुणी बघत नाही.

सगळ्यात मोठी चूक उल्लंघनाची. 'सीसीपीएने अमुक पेटंटचं उल्लंघन झाल्याचं ठरवलं' असं वाक्य लिहिलं असेल तर ते आधी तपासा, बहुधा खोडावंच लागेल. पेटंट मालकानं प्रतिस्पर्ध्यावर लावलेला दावा या न्यायालयात यायचाच नाही. तो फेडरल जिल्हा न्यायालयात चालायचा, आणि त्यावरचं अपील त्या त्या भागातल्या सर्किट न्यायालयात. सरकारनं पेटंट वापरलं म्हणून भरपाई हवी असेल तर कोर्ट ऑफ क्लेम्स. सीसीपीएकडे मुख्यतः यायचं ते पेटंट ऑफिसनं अर्जावर घेतलेल्या निर्णयावरचं अपील: पेटंट द्यायचं की नाही, आणि दोघांनी एकाच शोधावर हक्क सांगितला तर तो आधी कुणी लावला. या दुसऱ्या वादाला इंटरफिअरन्स म्हणतात.

'ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर' घ्या. शोध त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगा (ऑब्व्हियस) होता की नव्हता यावरचा सुप्रीम कोर्टाचा हा १९६६ चा निकाल पेटंट शिकणारा प्रत्येक जण पाठ करतो, आणि तो सीसीपीएवरून वर गेला असं बिनदिक्कत लिहितो. तो गेला आठव्या सर्किटवरून. नांगराच्या दांड्याच्या बांधणीच्या एकाच पेटंटवर पाचव्या आणि आठव्या सर्किटनं उलटसुलट निकाल दिले होते, म्हणून सुप्रीम कोर्टानं ते प्रकरण हाती घेतलं. त्याच दिवशी लागलेला बॅटरीचा 'ॲडम्स' खटला आला कोर्ट ऑफ क्लेम्समधून. उलट 'चक्रवर्ती' प्रकरण अस्सल सीसीपीएचं. तेल पचवणारा जिवाणू बनवण्याच्या पद्धतीवरचे दावे पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरनं मान्य केले, खुद्द जिवाणूवरचे नाकारले. तिथून पेटंट ऑफिसचंच अपील मंडळ, मग सीसीपीए, मग १९८० मध्ये सुप्रीम कोर्ट. त्यात कुणी कुणाचं पेटंट तोडलेलं नव्हतं.

दुसरी चूक वाट निवडण्याची. १९५२ च्या पेटंट कायद्यात अर्जदारापुढे दोन रस्ते होते. कलम १४१ खाली थेट सीसीपीएकडे अपील, किंवा कलम १४५ खाली डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावा. एक धरला की दुसरा सुटला. सीसीपीए पेटंट ऑफिससमोर आलेल्या रेकॉर्डपलीकडे जात नसे. नवा साक्षीदार, नवा प्रयोग, काही नाही. जिल्हा न्यायालयात मात्र नवा पुरावा देता यायचा. म्हणून एखाद्या निकालात 'पुरावा अपुरा' असं दिसलं की 'न्यायालयानं विज्ञान समजून घेतलं नाही' असा शेरा घाईनं मारू नका. कदाचित अर्जदारानं तो पुरावा पेटंट ऑफिसमध्ये दिलाच नसेल.

इंटरफिअरन्समध्ये आणखी एक पेच. हरलेल्यानं सीसीपीएकडे अपील केलं की समोरच्याला २० दिवसांत कळवता यायचं की पुढची लढाई कलम १४६ खाली दिवाणी दाव्यानंच होऊ दे. तसं झालं की अपील गुणदोष न पाहता फेटाळलं जायचं, आणि अपील करणाऱ्यानं पुढच्या ३० दिवसांत दावा लावला नाही तर पेटंट ऑफिसचा निर्णय कायम. 'अपील फेटाळलं' एवढी नोंद वाचून गुणदोषांवर निकाल लागला असं समजणाऱ्यांनी ही तरतूद मुळातून वाचावी. हेडनोट, म्हणजे निकालावर छापलेला सारांश, वाचून दाखला देण्याची घाई इथेच नडते.

नाव पाहून १९०९ पासून पेटंट अपीलं तिथे जात होती असंही समजू नका. १९०९ च्या टॅरिफ कायद्यानं आलं ते कोर्ट ऑफ कस्टम्स अपील्स. पेटंट आणि ट्रेडमार्कची अपीलं १९२९ मध्ये जोडली गेली. त्याआधीची डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाच्या अपील न्यायालयाच्या निकालांत शोधा.

सीमाशुल्काचा वाद पहिल्यांदाच सीसीपीएत जात नसे. आधी कस्टम्स कोर्ट, १९२६ पूर्वी बोर्ड ऑफ जनरल अप्रेझर्स, १९८० नंतर कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेड.

हे न्यायालय अमेरिकी घटनेच्या तिसऱ्या कलमाखालचं, म्हणजे स्वतंत्र संघीय न्यायव्यवस्थेतलं, होतं का? वर्ष सांगितल्याशिवाय उत्तर देऊ नका. १९२९ च्या 'बेकलाइट' निकालात सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, १९५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं हो म्हटलं, १९६२ च्या 'ग्लिडन'मध्ये सुप्रीम कोर्टानंही मान्य केलं.

'न्यायालय बंद झालं, निकाल मेले' हे तर साफ चूक. १ ऑक्टोबर १९८२ ला त्याच्या जागी फेडरल सर्किट हे अपील न्यायालय सुरू झालं आणि 'साउथ कॉर्पोरेशन' या पहिल्याच निकालात, तोही सीमाशुल्काचा, त्यानं सीसीपीए आणि कोर्ट ऑफ क्लेम्सचे जुने निकाल स्वतःवर बंधनकारक मानले. ते बदलायचे तर फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठालाच. सीसीपीएचे दोन निकाल एकमेकांशी भांडत असतील तर नंतरचा धरायचा, कारण ते न्यायालय नेहमी पूर्ण पीठानंच बसायचं. मात्र वर काय झालं ते आधी पाहा: 'मॅन्सन' (१९६६), 'बेन्सन' (१९७२), 'फ्लूक' (१९७८) या तिन्हींत सुप्रीम कोर्टानं सीसीपीएला उलटवलं आहे.

आपल्याकडच्या संस्थांशी एकास एक जोडी लावू नका. सीमाशुल्काची अपीलं सेस्टॅट या न्यायाधिकरणाकडे जातात, पेटंटची २०२१ मध्ये आयपीएबी हे बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यावर उच्च न्यायालयांकडे. दोन्हींना एकत्र घेणारं असं खास न्यायालय इथे नव्हतं.

शोधताना नुसतं 'सीसीपीए' टाकलंत तर ग्राहक संरक्षण प्राधिकरण आणि कॅलिफोर्नियाचा गोपनीयता कायदा पुढे येईल. पूर्ण नाव टाका. आणि 'इन रे' अमुक असा निकाल सापडत नसेल तर 'ॲप्लिकेशन ऑफ' अमुक असं शोधा. फेडरल रिपोर्टर या निकालांच्या छापील मालिकेत अर्जदारांची कितीतरी अपीलं याच नावानं छापली आहेत.