सर्व्हर दोन घेतले म्हणजे एचए झालं असं नाही: नेटवर्क, स्टोरेज आणि क्लस्टरमधल्या या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूरला, सिन्नरच्या एमआयडीसीत हल्ली बऱ्याच मध्यम कंपन्यांनी जुना सर्व्हर काढून दोन नवे घेतलेत, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), टॅली, एसक्यूएल डेटाबेस सगळं व्हीएममध्ये, आणि मालकाला सांगून ठेवलेलं असतं की साहेब आता एक बंद पडला तरी दुसरा लोड उचलेल, यालाच एचए म्हणजे हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात. उचलतो का? बऱ्याच ठिकाणी नाही उचलत. आणि काही ठिकाणी तर त्याहून भारी, एकही मशीन खराब नसताना दोन्ही एकदम रिस्टार्ट होतात.

हा दुसरा प्रकार अंबडच्या एका प्रेस पार्टवाल्यांकडे बघितला. रात्री बॅकअप सुरू झाला की थोड्या वेळात दोन्ही नोड (क्लस्टरमध्ये एकत्र जोडलेले सर्व्हर) धाडकन रिबूट. तिथल्या आयटीच्या पोराने रॅम काढून-घालून बघितली, यूपीएसवाल्याला बोलावलं, त्याने बॅटऱ्या बदला म्हणून कोटेशन दिलं (देणारच). लॉग मात्र कोणी उघडला नव्हता. उघडला तर कोरोसिंकच्या (नोड एकमेकांशी ज्याच्यामार्फत बोलतात ते सॉफ्टवेअर) नावाने 'रिट्रान्समिट लिस्ट' अशा ओळींची रांगच्या रांग आणि त्याखाली 'लिंक डाऊन'. झालं होतं असं की बॅकअप, व्हीएमचं ट्रॅफिक, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि क्लस्टरचं आपापसातलं बोलणं, सगळं एकाच १ गिगाबिटच्या केबलवरून चाललं होतं.

कोरोसिंकला बँडविड्थ फारशी लागत नाही, त्याला उत्तर वेळेत लागतं, साधारण ५ मिलिसेकंदांच्या आत. केबल बॅकअपने तुंबली की ही छोटी पाकिटं मागे अडकतात, दोघांनाही वाटतं समोरचा मेला, बहुमत गेलं म्हणजे कोरम गेला, आणि ज्या नोडवर एचए चालू आहे तिथला वॉचडॉग (वेळेत खबर मिळाली नाही की मशीन रीसेट करणारा टायमर) ६० सेकंदांत मशीन रीसेट करतो. हा बग नाही, मुद्दाम तसं केलंय, कारण तोच व्हीएम दोन्हीकडे एकदम चालून एकाच डेटावर लिहायला लागला तर रिबूटपेक्षा कितीतरी मोठी वाट लागेल.

इलाज स्वस्त आहे. कोरोसिंकला स्वतःचा वेगळा पोर्ट द्या. दोनच सर्व्हर असतील तर दोघांच्या मधे सरळ एक कॅट-६ पॅच कॉर्ड टाकली, वेगळी आयपी रेंज दिली, मधे स्विचही नको. आणि दुसरी लिंक म्हणून ऑफिसचं लॅन द्या, म्हणजे पॅच कॉर्ड सैल झाली तरी बोलणं चालू राहील. बॅकअपला बँडविड्थ लिमिट लावा, ते सेटिंग आहे, कोणी बघत नाही एवढंच.

दोन मतांचं गणित

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. दोन नोड म्हणजे दोन मतं, बहुमतासाठी दोन्ही लागतात. एक बंद पडला की उरलेल्याकडे एकच मत, म्हणजे ज्या प्रसंगासाठी दोन घेतले नेमक्या त्याच प्रसंगी दुसरा हात वर करतो. एचए नसेल तर चालू व्हीएम चालू राहतात, पण नवीन व्हीएम स्टार्ट करायला गेलात की 'क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम' असा मेसेज. मग कोणीतरी नेटवर शोधतो, अपेक्षित मतं १ करायची कमांड मारतो, सगळं चालू होतं, आणि पुढच्या वेळी न विचारता तेच. ती कमांड समोरचं मशीन नक्की बंद आहे हे डोळ्यांनी बघून, पॉवर केबल काढून, मगच मारायची असते. समोरचा फक्त नेटवर्कमधून तुटलेला असेल आणि जिवंत असेल तर दोन्हीकडे एकच ईआरपी चालू, दोन्हीकडे वेगवेगळी बिलं, आता बसा जुळवत.

तिसरं मत आणा. त्यासाठी तिसरा सर्व्हर नको, क्यूडिव्हाइस, म्हणजे बाहेरून फक्त मत देणारं छोटं मशीन, पुरतं. एखादा जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्यावर डेबियन लिनक्स आणि मत देणारं क्यूनेटडीचं पॅकेज, बास. त्याला कोरोसिंकइतकं फास्ट नेटवर्क लागत नाही, त्यामुळे तो दुसऱ्या युनिटमध्ये व्हीपीएनवर ठेवला तरी चालतो. फक्त याच दोन सर्व्हरपैकी एकावर व्हीएम करून त्यात ठेवू नका, हसू नका, असं केलेलं असतं. विंडोजचं फेलओव्हर क्लस्टर असेल तर हेच काम विटनेस करतो, आणि विंडोज सर्व्हर २०१९ पासून तर राउटरला लावलेल्या यूएसबी ड्राइव्हवरचं शेअरसुद्धा विटनेस म्हणून चालतं, म्हणजे खर्चाचं कारण सांगायची सोय नाही.

स्टोरेज

एचए लावला, व्हीएमची डिस्क मात्र पहिल्याच सर्व्हरच्या लोकल डिस्कवर. पहिला गेला, दुसऱ्याने व्हीएम घेतला, डिस्कच नाही, एरर. आता शेअर्ड स्टोरेज घ्यायचं म्हणून एक एनएएस (नेटवर्कवर लावलेला डिस्कचा डबा) आणला तर आता सगळं त्या एका एनएएसवर अडकलं. दोन नोडवाल्यांना झेडएफएस (डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम) रेप्लिकेशन, म्हणजे डिस्कची दुसऱ्या नोडवर कॉपी, बरं पडतं, दोन्हीकडे स्टोरेजचं नाव एकच ठेवा, पण मालकाला आधीच स्पष्ट सांगा की ते ठरावीक वेळाने कॉपी करतं, डीफॉल्ट १५ मिनिटं, म्हणजे सर्व्हर गेला तर शेवटच्या काही मिनिटांच्या एंट्र्या परत माराव्या लागतील. वेळ १ मिनिटापर्यंत खाली आणता येते. 'अजिबात डेटा जाणार नाही' असं बोलून बसू नका. सेफ (Ceph, सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एकच स्टोरेज करणारं सॉफ्टवेअर) चांगलं आहे पण ते किमान तीन नोड आणि १० गिगाबिट नेटवर्कचं काम आहे, दोन नोडवर जुगाड करू नका.

रेड कार्डवर रेड-५ करून त्याच्यावर पुन्हा झेडएफएस टाकायचं नाही, कार्ड एचबीए मोडला (म्हणजे कार्ड स्वतः रेड करणार नाही, डिस्क नुसत्या पुढे देईल) घ्या आणि डिस्क सरळ झेडएफएसच्या हातात द्या. डेस्कटॉपवाल्या स्वस्त एसएसडी सुरुवातीला जोरात पळतात आणि एसक्यूएलचा लोड आला की रांगायला लागतात, पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या (लाईट गेली तरी हातातला डेटा वाचवणाऱ्या) घ्या. थिन पूलमध्ये (जिथे जागा आधी न देता लागेल तशी दिली जाते) ५०० जीबी जागेवर ८०० जीबीचे व्हीएम बनवता येतात म्हणून बनवू नका, आणि बनवलेच तर पूल किती भरलाय याचा अलर्ट लावा, कारण तो पूर्ण भरला की व्हीएमची लिखाई मधेच फेल होते आणि फाइल सिस्टिम खराब होऊ शकते. अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) सहा महिने पडून असतो, तो उडवा. आणि हो, रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नाही, रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइलीसुद्धा ते इमानदारीत पलीकडे नेऊन ठेवतं.

नेटवर्क आणि लाईट

बाँडिंग करताना (दोन-तीन केबल मिळून एक लिंक) एलएसीपी निवडलं, ज्याला स्विचची साथ लागते, आणि स्विच साधा अनमॅनेज्ड, मग लिंक मधेच येते मधेच जाते. साधा स्विच असेल तर ॲक्टिव्ह-बॅकअप (एक केबल चालू, दुसरी राखीव) ठेवा. सर्व्हरचा फिक्स आयपी राउटरच्या डीएचसीपी रेंजमध्ये (राउटर आपोआप वाटतो त्या आयपींमध्ये) असला की एक दिवस कुणाचा तरी मोबाईल तोच आयपी घेतो आणि ईआरपी 'कधीकधी' चालत नाही. डीफॉल्ट गेटवे एकाच कार्डवर द्या. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) लावल्या तर दोन्ही सर्व्हर आणि स्विच तिन्हीकडे लावा, आणि फ्रॅगमेंट न करता ८९७२ साईझचा पिंग जातोय का बघा, साधा पिंग तर तसाही जाणारच.

आता लाईट. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीतल्या सॉकेटवर, हे इतक्या ठिकाणी आहे की काय सांगू. मेंटेनन्सला लाईट जाते, जनरेटर यायच्या आत स्विच बंद होऊन परत चालू होतो, मॅनेज्ड स्विचला बूट व्हायला मिनिटभरापेक्षा जास्त लागू शकतं, आणि वॉचडॉग ६० सेकंदांचा. पुढचं वर आलंच आहे. स्विच यूपीएसवर घ्या, आणि सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर.

टेस्ट केल्याशिवाय एचए चालू आहे असं म्हणू नका. रीतसर शटडाऊन ही टेस्ट नव्हे, पॉवर केबल ओढा. त्याआधी बॅकअप घ्या, तो रिस्टोअर होतो का तेही बघा, आणि दिवस सुट्टीचा निवडा, दिंडोरी-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसवाल्यांनी तर द्राक्षांचा सीझन संपू द्या. व्हीएम दुसरीकडे वर यायला साधारण दोन मिनिटं लागतात, लगेच घाबरून बटणं दाबू नका. नाहीच आला तर पहिल्यांदा व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला पहिल्या सर्व्हरवरची लोकल आयएसओ (सीडीची फाइल) अडकलेली आहे का बघा, बहुतेक तीच असते. आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलवर असेल तर डोंगल बंद पडलेल्या सर्व्हरलाच लावलेलं राहतं, व्हीएम आला तरी सॉफ्टवेअर उघडणार नाही, त्यासाठी नेटवर्कवरून यूएसबी देणारा छोटा डबा मिळतो तो घ्या, नाहीतर डोंगल काढून पलीकडे कोण लावणार त्याचं नाव आणि नंबर रॅकवर चिकटवून ठेवा.