बाहुलीचे हात आधी, डोकं नंतर

माझ्या पहिल्या हातबाहुलीच्या डोक्यावर मी तीन आठवडे घालवले आणि हात एका संध्याकाळी उरकले. पहिल्याच प्रयोगात राजाने पत्र उचलायचं होतं. माझा अंगठा बाहीतून निसटला, बाही लुळी पडली आणि राजाने न उचललेलं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. मुलं खूश. मी पडद्यामागे घामाघूम. त्यानंतर मी कामाचा क्रमच उलटा केला.

सुरुवात सगळ्यांची एकाच पकडीने होते: तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात. उरलेली दोन बोटं तळव्यात मिटलेली. केरळच्या पावकथकळीतही, म्हणजे तिथल्या हातबाहुल्यांच्या पारंपरिक खेळातही, हीच पकड आहे. वस्तू घट्ट धरायची असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण अंगठा आखूड आणि खालून फुटलेला, त्यामुळे बाहुलीचा एक खांदा पडल्यासारखा दिसतो. मी अंगठ्याच्या बाहीत पुठ्ठ्याची नळी चिकटवते. बोट पहिल्या पेरापर्यंत घट्ट जाईल एवढी, आणि पुढे हात लांबवेल अशी. दोन्ही बाह्यांत नळ्या बसवल्या की निसटणंही थांबतं.

दुसरी पकड अंगठा आणि करंगळीची. खांदे जवळजवळ सारखे येतात, हात छान पसरतात, मिठी मारणारी बाहुली हिच्यातच शोभते. इथे अनामिकेला काम का देत नाहीत, हे आत्ता करून पाहा: तळवा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचला. उचलत नाही, कारण या बोटांचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असतात. करंगळीला सरळ करणारा स्वतःचा स्नायू आहे, म्हणून ती ऐकते. पण ताकद कमी. जड हात तिला देऊ नका.

आता शिवण. माझ्या मते नव्वद टक्के अडचणी इथेच असतात, आणि लोक दोष बोटांना देतात. बाह्या शर्टासारख्या आडव्या कापू नका. बोटं वर उघडतात, तेव्हा बाह्याही तिरक्या वर जायला हव्यात. ज्या पकडीत खेळणार त्याच पकडीत हात कागदावर ठेवून रेघ मारा, चहूबाजूंनी दोनेक सेंटिमीटर सोडा, काखेत आणखी थोडं. काख घट्ट असली की हात उचलताच डोकं मागे ओढलं जातं.

तोंड उघडणाऱ्या बाहुलीचं गणित वेगळं. तुमचा आख्खा पंजा तोंडातच अडकतो, हात चालवायला दुसरा हात लागतो. इथे तार. सायकलच्या स्पोकएवढी, दोन मिलिमीटरची कडक तार पुरते. टोक काटकोनात वाकवून तळव्यात शिवा. मनगटाला जोडलीत तर पंजा लोंबतो. खालच्या टोकाला लाकडी मूठ हवी, नाहीतर तार बोटांत फिरत राहते. तारेला चकाकी नसलेला काळा रंग द्या. कोपराशी भरणी सोडून नुसत्या कापडाची टीप मारली की हात तिथेच मुडपतो. एका मुठीत दोन तारा धरण्याची हौस पहिले काही महिने आवरा; एक हात कमरेला टाचून टाका, कोणाच्या लक्षातही येत नाही. मपेट्स या अमेरिकी टीव्हीवरच्या बाहुल्यांमधला कर्मिट बेडूक डावखुरा दिसतो तो याचमुळे: कलाकाराचा उजवा हात डोक्यात, मग तारेसाठी डावाच मोकळा.

दोऱ्याने आतून हात ओढण्याचा प्रकारही मी केला. मासेमारीची तंगूस खांद्यावरून आत आणली, रबराने हात परत खाली. प्रकाशात तंगूस चमकली, तिसऱ्या खेळात गाठ सुटली. सलामासारख्या एकाच हालचालीसाठी ठीक आहे.

सराव आरशापेक्षा मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर करा. आरशात आपण बाहुलीऐवजी स्वतःला बघत बसतो. काडेपेटी उचला, डोळे पुसा, टाळी वाजवा. मग सगळ्यात अवघड: पाच मिनिटं बोला आणि हात फक्त तीनदा हलवा. प्रत्येक शब्दाला हात उडवणारी बाहुली माश्या हाकलते आहे असं वाटतं. हात शब्दाच्या किंचित आधी निघाला पाहिजे.

बाहुलीच्या बाहीत कलाकाराचा खराखुरा हात असतो, त्या प्रकारात उजवा हात दुसरा माणूस देतो, आणि हे काम बहुधा नवख्याच्या वाट्याला येतं. कमीपणा मानू नका. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात १७३४पासून एका बाहुलीला तिघे जण चालवतात. डाव्या हाताला स्वतंत्र माणूस असतो आणि तिथवर पोहोचायलाच वर्षं जातात. मला वर्षभर दुसऱ्याच्या बाहुलीचा उजवा हात मिळाला. नजर हातावर न ठेवता डोक्यावर ठेवायची आणि मुख्य कलाकाराचा श्वास ऐकायचा, एवढं समजायला चार महिने लागले. पहिल्या दिवशी तर बाहुलीने माझ्यामुळे स्वतःच्याच डोळ्यात बोट घातलं होतं.