गाडीत सेंटर स्पीकर आणि सराउंड बसवताना

आपल्याकडील बहुतेक गाड्यांत चारही दारांत एकेक स्पीकर असतो. चालक उजवीकडे बसत असल्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या गुडघ्यालगत येतो आणि डाव्या दाराचा स्पीकर त्याच्या कानापासून साधारण अर्धा मीटर अधिक लांब राहतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर अंतर कापतो, म्हणजे डावीकडचा आवाज जवळजवळ दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एकच आवाज दोन दिशांनी इतक्या थोड्या अंतराने आला, तर जो आधी पोहोचतो त्याच दिशेने तो आल्याचे कान ठरवतो. त्यामुळे गायकाचा आवाज समोरून न येता उजव्या दारातून येत असल्यासारखा वाटतो. जवळच्या स्पीकरला तेवढाच उशीर लावून, म्हणजे टाइम अलाइनमेंट करून, हा दोष चालकापुरता दूर करता येतो. पण शेजारी बसलेल्या माणसासाठी तो दुपटीने वाढतो. पुढच्या दोन्ही आसनांवरून आवाज समोरून ऐकू यावा असे वाटत असेल, तर डॅशबोर्डच्या मध्यावर खरोखरचा स्पीकर, म्हणजे सेंटर स्पीकर, असणे हाच उपाय आहे. सराउंडपेक्षा, म्हणजे मागून सभागृहाची गुंज ऐकवणाऱ्या स्पीकरपेक्षा, या स्पीकरचे महत्त्व कितीतरी अधिक आहे, म्हणून पैसे आणि श्रम आधी तिकडे लावावेत.

हे काम वायर जोडून उरकण्याचा मोह टाळावा. डेकमधील (गाडीच्या म्युझिक सिस्टिममधील) अँपच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही वायरींवर विद्युतदाब असतो आणि त्यांपैकी कोणतीही अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) नसते. डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या वायरी एकत्र करून त्यांवर मधला स्पीकर चालवला, तर दोन्ही चॅनेल एकमेकांवर भार टाकतात; स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडली, तर डेकमधील आयसी (अँपची चिप) जळण्याची शक्यता असते. अँप लावून दोन्ही चॅनेलची साधी बेरीज मधल्या स्पीकरला देणे विजेच्या दृष्टीने सुरक्षित असले, तरी ऐकायला ते समाधान देत नाही. त्या बेरजेत डावीकडची सतारही असते आणि उजवीकडचे व्हायोलिनही, त्यामुळे सगळी वाद्ये मध्यावर गोळा होतात आणि दाराच्या स्पीकरमधून मिळणारी रुंदी नाहीशी होते.

म्हणून अप-मिक्सिंग करणारा, म्हणजे दोन चॅनेलमधून जास्त चॅनेल तयार करणारा, डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारे उपकरण) आवश्यक आहे. ब्लूटूथवरून येणारे गाणे सहसा दोनच चॅनेलचे असते, त्यामुळे उरलेले चॅनेल त्या दोहोंतूनच काढावे लागतात. डॉल्बी प्रो लॉजिक २ सारखी पद्धत दोन्ही चॅनेलमध्ये समान असलेला भाग, म्हणजे बहुधा मुख्य गायकाचा आवाज, मधल्या स्पीकरकडे वळवते आणि त्याच वेळी तो डाव्या-उजव्या चॅनेलमधून कमी करते. दोन्ही चॅनेलमध्ये परस्परविरोधी असलेला भाग, ज्यात सभागृहाची गुंज आणि टाळ्या असतात, ती मागे पाठवते. खरेदीपूर्वी दुकानदाराला नेमके विचारावे की, सेंटर चॅनेल ही केवळ बेरीज आहे की मध्यावरचा भाग बाजूच्या चॅनेलमधून वजाही होतो. कंपनीच्या डेकला आरसीए आउटपुट (बाहेरच्या अँपसाठी सिग्नल देणारी जोडणी) नसेल, तर डीएसपीला हाय-लेव्हल इनपुट असल्याची खात्री करावी, म्हणजे डेक न बदलता स्पीकरच्या वायरींवरूनच सिग्नल घेता येतो. मूळ वायरिंग कापू नये. गाडीच्या मॉडेलनुसार तयार कपलर (जोडणीचे प्लग) मिळतात, ते लावल्यास वॉरंटीचा वाद निघण्याची शक्यता कमी होते आणि गाडी विकताना सगळे पूर्ववत करता येते.

मधल्या स्पीकरसाठी तीन किंवा चार इंचांचा फुल-रेंज (सगळे स्वर एकट्याने वाजवणारा) अथवा कोअॅक्सियल (मध्ये छोटा ट्वीटर असलेला) स्पीकर पुरेसा होतो. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर त्यासाठी जाळी आधीच असते आणि तिच्याखाली जागा रिकामी ठेवलेली असते. तेथे खोली मोजूनच स्पीकर घ्यावा. अशी जागा नसेल, तर डॅशबोर्डवर छोटी बंद पेटी बसवता येते. मात्र ती काचेतून दिसणारा रस्ता अडवणार नाही आणि डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या उघडण्याच्या वाटेत येणार नाही, हे पाहणे अत्यावश्यक आहे. स्पीकरचे तोंड वर, काचेकडे असले तरी चालते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, म्हणून साध्या कागदी कोनऐवजी (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याऐवजी) पॉलिप्रॉपिलीनचा कोन निवडावा आणि पेटी नुसत्या दुहेरी टेपवर चिकटवू नये.

वायरिंगची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून करावी. चाळीस-पन्नास वॉटचे चार चॅनेल एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालले, तर वीसएक अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी ८ गेजची शुद्ध तांब्याची केबल घ्यावी, कारण बाजारात त्याच जाडीच्या नावाने तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही सर्रास विकली जाते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असावा. केबल जेथे पत्र्यातून आत येते तेथे रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची कड काही महिन्यांत वायरीचे आवरण कापते आणि गाडीला आग लागू शकते. अर्थची वायर आखूड ठेवावी आणि जेथे जोडायची तेथील रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडून काढावा. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून येऊ लागली, तर आधी ही जोडणीच तपासावी. पॉवरची केबल एका बाजूने आणि सिग्नलच्या वायरी दुसऱ्या बाजूने न्याव्यात. ए-पिलरमध्ये (पुढच्या काचेलगतच्या खांबात) कर्टन एअरबॅग असल्यास त्या पट्टीत काहीही घालू नये.

ट्रिम (आतली प्लास्टिकची आवरणे) परत लावण्यापूर्वी प्रत्येक स्पीकरची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जोडणी तपासून घ्यावी. अँपपासून सुटा केलेल्या स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह असल्यास कोन बाहेर येतो. एक स्पीकर जरी उलटा जोडला गेला, तरी पुढची सगळी जुळवणी फुकट जाते.

आता जुळवणी, आणि खरा वेळ येथेच द्यावा. डेकवरील बास, ट्रेबल, लाउडनेस आणि फेडर (आवाज पुढे-मागे वाटणारे बटण) सगळे शून्यावर ठेवावेत. तीन इंची सेंटरला साधारण ३०० हर्ट्झच्या आणि चार इंचीला १५० ते २०० हर्ट्झच्या वरचाच आवाज द्यावा. येथे एक गोष्ट हमखास निसटते. गाण्यातील ढोलक, तबल्याचा डग्गा आणि बास गिटार हेही बहुधा मध्यावरच असतात. डीएसपीने त्यांना बाजूच्या चॅनेलमधून काढून सेंटरकडे वळवले आणि सेंटरच्या फिल्टरने खालचे स्वर अडवले, तर ते कोठूनच वाजत नाहीत आणि गाणे पोकळ वाटू लागते. म्हणून सेंटरचा अडवलेला खालचा भाग पुढच्या दारांकडे किंवा सबवूफरकडे परत पाठवण्याची सोय सुरू केली आहे ना, हे पाहावे.

मग आवाजाची पातळी. पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला खरखरीसारखा चाचणीचा आवाज) लावून एका वेळी एकच स्पीकर सुरू ठेवावा आणि कानाच्या जागी धरलेल्या फोनवरील डेसिबल मोजणाऱ्या अॅपने पुढचे तीनही स्पीकर सारख्या पातळीवर आणावेत. डाव्या-उजव्या स्पीकरना सारखाच उशीर ठेवावा, आणि सेंटरचा आवाज जवळच्या दाराच्या आवाजाच्या आधी किंवा फार तर त्याच्याबरोबर कानापर्यंत पोहोचेल असे पाहावे. त्यानंतर बोलण्याचे साधे रेकॉर्डिंग, बातम्या किंवा पॉडकास्ट, लावून दोन्ही आसनांवर आळीपाळीने बसून ऐकावे. सगळे जुळले असेल, तर निवेदक दोन्ही जागांवरून डॅशबोर्डच्या मध्यावरच, काचेच्या किंचित आत, बसलेला जाणवतो आणि मान वळवली तरी हलत नाही. गाणे फारच अरुंद वाटल्यास सेंटर एक-दोन डेसिबलने कमी करावा.

सराउंडसाठी बहुतेक वेळा नवे स्पीकर लागत नाहीत. मागच्या दारांतले पुरतात. हॅचबॅकच्या सुट्या पार्सल ट्रेवर जड स्पीकर ठेवणे तर टाळावेच, कारण जोरात ब्रेक लागल्यास ते पुढे फेकले जातात. मागच्या चॅनेलला पुढच्यापेक्षा १० ते १५ मिलिसेकंद उशीर द्यावा, म्हणजे मागच्या चॅनेलमध्ये झिरपलेला गायकाचा आवाज मागे खेचला जात नाही, आणि १०० हर्ट्झच्या खालचा व सुमारे ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग काढून टाकावा. त्यांची पातळी पुढे बसून ऐकताना स्पीकर वाजत आहेत हे कळणार नाही, पण बंद करताच गाडी लहान झाल्यासारखी वाटेल, इतकीच असावी.

जुन्या भावगीतांच्या आणि नाट्यसंगीताच्या रसिकांनी एक वेगळा प्रीसेट (साठवून ठेवलेली जुळवणी) अवश्य करून ठेवावा. ती बहुतेक रेकॉर्डिंग मोनो आहेत. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असल्यामुळे सगळे गाणेच सेंटरकडे जाते, मागे काहीही उरत नाही, आणि ऑर्गन, तबला, गायक सगळे तीन इंचांच्या एका स्पीकरमध्ये कोंडले जातात. सेंटर विड्थची सोय असेल, तर ती वाढवून आवाज तीनही स्पीकरमध्ये पसरवावा. नसेल, तर त्या प्रीसेटमध्ये अप-मिक्सिंग बंद ठेवावे. दुसरा प्रीसेट मागे माणसे बसतात तेव्हासाठी असावा, कारण मागच्या दारातून त्यांना केवळ गुंज ऐकू येते आणि शब्द हरवतात. त्यात मागच्या स्पीकरना उशीर न लावता साधा स्टीरिओ द्यावा. आठवडाभर गाडी खराब रस्त्यावरून चालवल्यानंतर सेंटरचे स्क्रू, अर्थची जोडणी आणि फ्यूज होल्डर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत आणि फ्यूज होल्डर तापत नाही ना, हे हात लावून पाहावे.