कॅमेरा कुठं लावायचा? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मी सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. दुसऱ्यांनी बसवलेले उतरवून परत लावायचं कामही तितकंच येतं. बिघाड कॅमेऱ्यात क्वचितच सापडतो. जागाच चुकलेली असते.

सगळ्यात मोठी चूक उंचीची. "वर लावा की, कुणाच्या हाताला येऊ नये," असं मालक म्हणतात आणि नवीन पोरगं शिडीच्या शेवटच्या पायरीवर चढून पत्र्याखाली कॅमेरा ठोकून मोकळं होतं. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत असेच चार कॅमेरे १५ फुटांवर होते. जुलैतल्या एका रात्री कुलूप तोडून माल गेला. सकाळी मालकांनी मला रेकॉर्डिंग काढायला बोलावलं. टेम्पो आला, दोघं उतरले, कुलूप कापलं. एकानं तर कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून बिडी पेटवली. चेहरा मात्र एकाचाही नाही. एकाच्या डोक्यावर रेनकोटची टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ. टेम्पोचा नंबर हेडलाइटच्या झोतात पांढराफटक. पोलिसांनी "चेहरा दाखवा" म्हटल्यावर मालक माझ्याकडं बघत राहिले. वडिलांच्या वयाचा माणूस, मला काही बोलवेना.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय. वरचे कॅमेरे राहू देत, पण माणसाला जिथून जावंच लागतं त्या दाराशी एक कॅमेरा ८ फुटांवर, येणाऱ्याच्या तोंडासमोर. हाताला येतो म्हणता? मग दुसरा असा लावा की त्यात पहिला दिसेल. बसवण्याआधी मी कॅमेरा नुसता हातात धरून उभा राहतो आणि घरातल्या कुणालातरी टोपी घालून दारातून यायला सांगतो. मोबाईलवर ओळख पटली तरच ड्रिल काढतो. भोकं पाडायची घाई असलेल्यांना ही १० मिनिटं जड जातात, आणि त्यांचीच भोकं मला नंतर बुजवावी लागतात.

दुसरी चूक, सगळीकडं २.८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स. "एकाच कॅमेऱ्यात सगळं अंगण येतंय" म्हणून लोक खूश होतात. अंगण येतं, माणूस ओळखू येत नाही. अनोळखी माणूस पक्का ओळखायला दृश्याच्या रुंदीत दर मीटरमागं २५० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, धरतात. दोन मेगापिक्सेलचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा हाती लागतो. २.८ ची लेन्स तीन-सव्वातीन मीटरवरच तेवढी रुंदी व्यापते. फाटक २५ फुटांवर असेल तर ६ मिमी घ्या. फ्रेम अरुंद होईल, होऊ दे.

खानापूरकडून पावसाळ्यात हमखास फोन येतो, "रात्री सगळं धुरकट दिसतंय." कॅमेरा वळचणीत फार आत लावलेला असतो. त्याचा रात्रीचा इन्फ्रारेड उजेड, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पन्हळीवर, पांढऱ्या भिंतीवर किंवा कोळ्याच्या जाळ्यावर आपटून परत लेन्समध्ये येतो आणि पलीकडचं अंगण काळं पडतं. पन्हळ आणि भिंत फ्रेमबाहेर जाईपर्यंत कॅमेरा पुढं सरकवा, जाळी मऊ फडक्यानं पुसत राहा. काम दुपारी संपलं तरी अंधार पडल्यावर चित्र बघितल्याशिवाय मी हिशोब करत नाही. केबल कॅमेऱ्याजवळच्या जोडणीच्या डबीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

पश्चिमेकडं तोंड असलेल्या दुकानात आतून दाराकडं कॅमेरा रोखला तर संध्याकाळी गिऱ्हाईक नुसतं काळं दिसतं. डब्ल्यूडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि सावली दोन्ही सांभाळायची सोय असलेला घ्या, नाहीतर बाजूच्या भिंतीवरून तिरका लावा.

शेजाऱ्याच्या दाराकडं रोख नको. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या आसपाससुद्धा नको, कितीही पैसे दिले तरी मी ते काम घेत नाही.

आणि डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गल्ल्याखाली ठेवू नका. चोर गल्ल्यासोबत तोही उचलतो.