सेवा आणि सहल, दोघांनी मिळून

जालन्याहून निघण्याआधी मी आणि हे पहिल्यांदा रविवार मांडतो. रविवार मंडळीचा, म्हणजे चर्चचा: उपासना, संदेश (प्रवचन), आजाऱ्यांच्या भेटी. फिरणं त्याच्या अवतीभवती बसवा. रोमला व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंदच असतात, सोमवारी जा. पॅरिसचं लूव्हर मंगळवारी बंद.

व्हिसा मात्र सावकाश, नीट करा. पर्यटक व्हिसावर संदेश देणं सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत फिरत्या धर्मसेवकांना बी-१ (तात्पुरत्या कामाच्या भेटीचा) व्हिसा मिळू शकतो. मात्र त्यावर कुठल्याही एका मंडळीत नेमणूक घेता येत नाही, सभेतल्या दानावर भागवायचं. अर्जात खरं कारणच लिहा. प्रभूच्या कामाला लपवाछपवी कशाला? यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा.

धपाटी, शेंगदाण्याची चटणी जरूर न्या. ऑस्ट्रेलियात उतरताना दोन्ही प्रवासी कार्डावर जाहीर करा.