सांगलीत नवीन आलाय आणि धंद्याला अनुदान पाहिजे? आधी एवढं करून ठेवा

मी मूळची औसा तालुक्यातली, लातूर जिल्हा. २०११ ला मिस्टरांना कुपवाड एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून सांगलीत आलो आणि इथलेच झालो. घरातच शेंगदाण्याची चटणी, येसर, मेतकूट असं करून विकायला लागले, मग २०२२ मध्ये पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगाच्या सरकारी योजनेतून कर्ज आणि अनुदान घेऊन मशिनरी घेतली. परवा आमच्या शेजारी बीडकडच्या एक वहिनी राहायला आल्यात, कुरडया-पापड फार सुंदर करतात, त्यांनी विचारलं की ताई ते सबसिडीचा फॉर्म कुठं मिळतो हो. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण बाहेरून आलेल्या माणसाला ज्या अडचणी येतात त्या इथल्या लोकांना येतच नाहीत, त्यामुळं ते सांगत पण नाहीत.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अनुदान म्हणजे सरकार तुमच्या हातात पैसे देतंय असं नाही. ते बँकेच्या कर्जाला चिकटून येतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं तरच अनुदान, आणि ते पण लगेच तुमच्या खात्यात नाही, बँकेकडं वेगळ्या खात्यात पडून राहतं, ३ वर्षं हप्ते नीट भरले आणि धंदा चालू असला की मग कर्जातून वजा होतं. माझा प्रोजेक्ट ६ लाखाचा होता. त्यात १० टक्के म्हणजे ६०,००० माझे स्वतःचे, बाकी ५,४०,००० कर्ज, आणि ३५ टक्क्यानं २,१०,००० अनुदान. पण त्या ३ वर्षांत माझ्या हातात त्यातला एक रुपया आला नाही. ज्यांनी त्या २ लाखाच्या भरवशावर भिशी उचलली, दागिने ठेवले, त्यांचे हाल मी बघितलेत. हप्ता धंद्यातून निघत असेल तरच पुढं जा.

आता कुठली योजना, इथंच बहुतेक जण चुकतात. नवीनच धंदा सुरू करायचा असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, नाहीतर राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्हीची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करायची. पण पीएमईजीपी चालू धंद्याला मिळत नाही. तुम्ही २ वर्षापूर्वी उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, काढलंय, बिलं फाडताय, आणि अर्जात लिहिताय नवीन उद्योग, तर ते तपासणीत बाहेर येणारच. तिथं वाढीसाठी दुसरं कर्ज आहे पण ते ज्यांनी आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा घेऊन पूर्ण फेडलंय त्यांना, आणि तिथं अनुदान १५ टक्के. खाण्याच्या पदार्थाचा चालू धंदा वाढवायचा असेल तर पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया वाली योजना, २०२० ला सुरू झालेली, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदान. सांगलीला त्यात द्राक्ष-बेदाणा हा मुख्य पदार्थ आहे म्हणून लोकांना वाटतं आपल्याला नाही मिळणार, तसं नाही, चटणी-मसाल्याला मला मिळालंच की. ती योजना कृषी खात्याकडं आहे, उद्योग केंद्राकडं नाही, त्यामुळं तालुका कृषी कार्यालयात जायचं. मुद्रा वेगळं, ते नुसतं कर्ज, त्यात अनुदान नाही. मराठा समाजातल्या मुलांनी अण्णासाहेब पाटील महामंडळाची चौकशी करा, तिथं कर्जाचं व्याज परत मिळतं.

आणि ही गोष्ट गाळा भाड्यानं घ्यायच्या आधी वाचा, नंतर वाचून उपयोग नाही. पीएमईजीपीत खुल्या वर्गातल्या माणसाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीणला ३५. ग्रामीण म्हणजे कुठं लांब जतला जायला पाहिजे असं नाही, ग्रामपंचायतीची हद्द असली की झालं. कुपवाड आता महापालिकेत आहे, १९९८ पासून सांगली-मिरज-कुपवाड एकच आहे. पण तिथनं थोडं पलीकडं बुधगाव, माधवनगरला गेलात की ग्रामपंचायत. १० लाखाच्या प्रोजेक्टला हा फरक १ लाख रुपयाचा आहे आणि तिकडं भाडं पण कमी. महिलांना तर जातीचा दाखला नसला तरी जास्तीचा दर मिळतो, त्यामुळं धंदा बाई करत असेल तर अर्ज बाईच्याच नावानं करा, नवऱ्याच्या नावानं नको, आणि पीएमईजीपीत बाईला स्वतःचे पैसे पण १० च्या ऐवजी ५ टक्केच घालावे लागतात.

मोठी गुंतवणूक असेल तर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना पण बघा, ती १९६४ पासून वेगवेगळ्या रूपात चालू आहे, त्यात तालुक्यांचे गट पाडलेत आणि जितका मागास तालुका तितकी सवलत जास्त. जागा ठरवायच्या आधी आपला तालुका कुठल्या गटात आहे ते उद्योग केंद्रात विचारून घ्या.

जागेचं अजून एक. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. आम्ही तेव्हा सांगलीतल्याच गावभाग या वस्तीत खालच्या अंगाला भाड्यानं राहायचो. मिक्सर, दोन पोती शेंगदाणे, पॅकिंगच्या पिशव्या सगळं गेलं, पाणी उतरल्यावर शेंगदाण्याच्या पोत्याला मोड आलेले होते आणि तो वास अजून नाकात आहे. त्यामुळं नवीन माणसानं गाळा बघताना मालकाला नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारायचं की २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर हात लावून दाखवतात. कर्जाची मशीन असली की विमा घ्यावाच लागतो, पण पॉलिसीत पूर धरलाय का ते स्वतः वाचून बघा.

आता कागदपत्रं. आपण बाहेरचे, म्हणजे कागदावर आपण अजून गावाकडंच असतो. माझा आधार औशाचा, पॅनवर माहेरचं नाव, लाईट बिल घरमालकाचं, बँक खातं लातूरच्या शाखेत. एका बँकेत साहेबांनी चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाले, ताई, ह्या चार वेगवेगळ्या बायका आहेत. रागानं नाही म्हणाले, पण मला रडू आलं होतं. ते सगळं एका नावावर आणायला मला ५ महिने लागले, म्हणून अर्जाचा विचार असेल तर हे काम आजच सुरू करा. भाडेकरार नोटरीचा नको, रजिस्टर करा, आणि त्यात जागा धंद्यासाठी वापरायला मालकाची हरकत नाही हे वाक्य घालून घ्या. आधारचा पत्ता त्यावरून बदला. नाव बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात देऊन टाका, दरवेळी ॲफिडेव्हिट करण्यापेक्षा बरं. जातीचा दाखला लागणार असेल तर तो इथं निघत नाही, मूळ गावाकडच्या प्रांत ऑफिसातूनच काढावा लागतो आणि लग्न झालेल्या बाईला वडिलांच्या बाजूनं, त्यामुळं दिवाळीला गावी जाल तेव्हा वडिलांचा शाळेचा दाखला शोधून आणा. उद्यम नोंदणी फुकट आहे, मोबाईलवर होते, त्याला कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना, आणि शॉप ॲक्ट.

बँकेचं खातं पण सांगलीत काढा आणि विक्री त्यातून फिरवा. पहिली काही वर्षं मी सगळं रोख विकायचे आणि पैसे डब्यात. महिन्याला ४०,००० ची विक्री होती पण दाखवायला काहीच नव्हतं. आता क्यूआर कोड लावलाय, आणि जी रोख येते ती पण दर सोमवारी बँकेत भरते. १ वर्षाचं असं स्टेटमेंट असलं की बँकेचा माणूस तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो. मोबाईलचा हप्ता चुकवला असेल तर सिबिलमध्ये, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतं, तो आधी भरून टाका.

तारण आणि जामीनदार हा बाहेरच्यांचा मोठा घोर. इथं आपला चुलता नाही, मामा नाही, कोण सही करणार. तर १० लाखापर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला एका शाखेत तरी पण मागितलं, मी भांडले नाही, दुसऱ्या शाखेत गेले. अर्ज नुसताच पडून राहिला तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, मॅनेजरला लेखी द्या, सांगलीला ती बँक ऑफ इंडिया आहे.

प्रोजेक्ट रिपोर्ट कुणाकडनं करून घ्यायचा, हा प्रश्न सगळ्यांना. मला पण एक एजंट भेटला, अनुदानातले १० टक्के मागितले, अर्धे आधी दिले. त्यानं जो रिपोर्ट दिला त्यात माझ्या नावाखाली दुसऱ्याच कुणाच्या बेदाणा शेडचे आकडे होते. खरं तर पीएमएफएमईत यासाठीच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, अर्ज, रिपोर्ट, बँकेत पाठपुरावा सगळं करून देतात आणि त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, तुमच्याकडून नाही. तालुका कृषी कार्यालयात नाव आणि नंबर मिळतो.

पण त्यांनी केला तरी रिपोर्ट तुम्ही ओळ न ओळ वाचा. माझ्यात लिहिलं होतं चटणी उत्पादन. आमच्या लातूरकडं चटणी म्हणजे शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची. सांगलीत चटणी म्हणजे लाल कांदा-लसूण तिखट, वर्षाचं उन्हाळ्यात करून ठेवतात ते. त्यामुळं मशिनरीच्या यादीत मिरची कांडप मशीन आलं, आणि मला पाहिजे होता रोस्टर, ग्राइंडर आणि बँड सीलर. कोटेशन एका मशीनचं, रिपोर्ट दुसऱ्या मशीनचा, अर्ज परत आला. दीड महिना गेला त्यात. कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचंच घ्या आणि त्यावरची मुदत बघा. आणि जागा विकत घ्यायचा खर्च प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत, तो घालू नका. थ्री फेज कनेक्शनला किती दिवस लागतात ते महावितरणला आधीच विचारा, माझी मशीन आली तेव्हा वीज नव्हती आणि हप्ता मात्र सुरू झाला होता.

शेवटी बँकेचे साहेब जागा बघायला येतात तेव्हा घाबरू नका. आमच्याकडं आले तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. ते खुर्चीवर बसलेच नाहीत, कढईपाशी उभे राहिले, दोन दाणे उचलून साल काढून खाल्ले आणि विचारलं, एका किलोमागं घट किती येते. मी वजनकाट्यावर करून दाखवलं, आणि वहीत रोजचं लिहिलेलं पण दाखवलं. साखर किती, लसूण किती, पिशवी किती पैशाला, दुकानदाराचं मार्जिन किती, सगळं तोंडपाठ होतं. रिपोर्ट त्यांनी उघडला पण नाही त्या दिवशी. ही वही आजपासून घाला, शंभर पानी पुरते.

आमच्या शेजारच्या वहिनींचा भाडेकरार शुक्रवारी रजिस्टर होतोय, मी साक्षीदार म्हणून जाणार आहे. पॅनवरचं नाव बदलायला टाकलंय. कुरडईचा गहू भिजायला लागायच्या आत, म्हणजे उन्हाळ्याच्या आत, खातं आणि उद्यम करून घ्यायचं असं दोघींनी ठरवलंय.