घरी बुद्धिबळ इंजिनांची स्पर्धा कशी घ्यावी

माझ्या पहिल्या स्पर्धेत वीस डाव झाले. सकाळी उठून ते उघडून पाहिले, तर निम्म्याहून जास्त डावांत पहिल्या बारा-तेरा खेळ्या तंतोतंत त्याच. दोन्ही इंजिनांना, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमना, मोकळा पट दिला होता, मग दोघांनी आपापली आवडती वाट धरली आणि रात्रभर तीच तुडवली. वर लॅपटॉप चार्जरला लावायचा राहिला होता, म्हणजे उत्तररात्रीचे डाव मंदावलेल्या प्रोसेसरवर झाले. निकाल १२–८ लागला आणि मी तो मित्रांना कळवूनही बसलो!

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा क्रम.

सामान जमवा

स्पर्धा चालवायला क्यूटचेस हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. खेळाडू म्हणून स्टॉकफिश या इंजिनाच्या दोन जुन्या आवृत्त्या घ्या, ११ आणि १२. दोन्ही २०२० सालच्या आणि मोफत आहेत. १२ मध्ये पटाचं मूल्यमापन करणारं न्यूरल नेटवर्क पहिल्यांदा आलं आणि ती ११ पेक्षा बरीच बलवान निघाली. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित पहिल्यांदा सोडवावं, म्हणजे आपली मांडणी चुकली तर लगेच कळतं. लीला चेस झिरो या दुसऱ्या इंजिनाचा मोह तूर्त आवरा. तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग बरोबरीचा सामना कशाला म्हणायचं हा वेगळाच वाद सुरू होतो.

क्यूटचेसच्या सेटिंग्जमध्ये इंजिनांच्या यादीत दोन्ही फाइली जोडा. प्रोटोकॉल, म्हणजे इंजिन आणि प्रोग्रॅम यांची संवादाची भाषा, यूसीआय निवडा आणि नावात आवृत्तीचा आकडा घाला. दोघांचंही नाव नुसतं 'स्टॉकफिश' ठेवलंत तर निकाल वाचताना डोकं धराल.

अटी सारख्या करा

इथे घाई करू नका. दोघांना एकच थ्रेड (प्रोसेसरवर एका वेळी चालणारं एक काम) आणि सारखाच हॅश (आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) द्या. छोट्या डावांना ६४ एमबी भरपूर होतो. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय, म्हणजे पाँडर, बंद ठेवा, नाहीतर एकाच प्रोसेसरवर दोघं एकमेकांच्या ताटातलं खातील. एका वेळी किती डाव चालवायचे ते प्रोसेसरच्या खऱ्या कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) संख्येवरून ठरवा आणि एक कोअर संगणकाच्या इतर कामांना सोडा. ब्राउझर बंद, चार्जर लावलेला.

अटींवरून मोठमोठ्यांत वाजलं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश ८ विरुद्ध शंभर डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. तरी टीका झालीच: स्टॉकफिशला हॅश फक्त एक जीबी होता आणि दर खेळीला ठरावीक एक मिनिट, त्यामुळे वेळ राखून वापरण्याचं त्याचं कौशल्य वाया गेलं.

वेळ प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १० सेकंद आणि प्रत्येक खेळीमागे आणखी ०.१ सेकंद अशी ठेवा. साधारण अर्ध्या मिनिटात डाव संपतो.

सुरुवाती बाहेरून द्या

माझी चूक सुधारायची ती इथे. आठ-आठ खेळ्यांच्या हजारो सुरुवाती असलेली पीजीएन फाइल (डावांच्या खेळ्या नोंदवलेली मजकूर-फाइल) मिळते. ती जोडा आणि त्यातून यदृच्छेने निवड होऊ द्या. प्रत्येक सुरुवात दोनदा खेळवा, दुसऱ्यांदा रंग बदलून. मग सुरुवात एका बाजूला झुकलेली असली तरी तिचा फायदा दोघांनाही एकेकदा मिळतो. २०१० पासून चालणाऱ्या टीसीईसी या ऑनलाइन स्पर्धेतही सुरुवाती आयोजकच देतात.

आता इंजिन स्वतःशीच लढवा

११ विरुद्ध १२ लावण्याआधी ११ विरुद्ध ११, शंभर डाव. निकाल बरोब्बर ५०–५० लागणार नाही. माझ्याकडे ५३–४७ लागला होता. तोच निकाल दोन वेगळ्या इंजिनांत लागला असता तर मी पहिल्याला विजेता म्हणून मोकळा झालो असतो.

५३ टक्के म्हणजे सुमारे २१ एलो गुणांची (खेळाडूचं बळ मोजणाऱ्या गुणांची) आघाडी. पण शंभर डावांत चुकीला वाव दोन्ही बाजूंना चाळीसहून अधिक गुणांचा असतो. हा वाव निम्मा करायला डाव चौपट लागतात. हजार डाव घेतलेत तर तो पंधराच्या आसपास येतो. एकेक डाव लावला तर त्याला आठ-नऊ तास लागतील, म्हणजे एक रात्र.

१९९५ साली हाँगकाँगच्या जागतिक स्पर्धेत आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाचा पूर्वावतार फ्रिट्झ या प्रोग्रॅमकडून हरला, आणि विजेता ठरला साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर खेळणारा फ्रिट्झ. फेऱ्या होत्या पाच. दोन वर्षांनी डीप ब्लूने जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवलं. माणसांच्या स्पर्धेत पाच फेऱ्यांची गंमत असते, इंजिनांचं बळ मोजायला मात्र त्या अगदीच तोकड्या.

मुख्य सामना

११ विरुद्ध १२, हजार डाव. १२ चं पारडं स्पष्ट जड दिसायला हवं. नाही दिसलं तर आधी झालेल्या डावांची पीजीएन फाइल उघडा आणि किती डाव वेळ संपल्याने गेले ते मोजा. एखाददुसरा चालेल, डझनभर असतील तर एका वेळी चालणाऱ्या डावांची संख्या कमी करा आणि सगळी स्पर्धा नव्याने लावा. गेलेले तेवढेच डाव पुन्हा खेळवून यादीत चिकटवू नका. तोवर आकडा कुणाला कळवू नका.